शब्दचर्चा: ‘इंडियन रिमूव्हल’ला मराठीत काय म्हणायचं? स्थलांतर, विस्थापन की आणखी काही?

रानजाई

नमस्कार मंडळी. शाळकरी मुलांसाठीचं अमेरिकेच्या इतिहासावरचं एक पुस्तक मराठीत आणते आहे. त्यातल्या चेरोकी लोकांच्या (अमेरिकेतले मूळ रहिवासी, तेव्हाच्या इंग्रजीत ‘इंडियन’) प्रकरणात एका शब्दावर अडले आहे.

28 मे 1830 रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी सही केलेल्या कायद्याला ‘इंडियन रिमूव्हल ॲक्ट’ म्हणतात. त्याच्या जोरावर चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ, सेमिनोल आणि चेरोकी यांना मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या त्यांच्या मुलखातून काढून नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात नेलं. चेरोकींवर ही पाळी 1838 साली आली. जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा या राज्यांच्या सीमा जिथे भिडतात तो डोंगराळ भाग त्यांचा. न्यू इकोटा ही राजधानी, 1827 साली केलेली लेखी राज्यघटना, सिक्वोया यांनी घडवलेली स्वतःची लिपी आणि त्या लिपीत 1828 पासून निघणारं वर्तमानपत्र, एवढं सगळं तिथे उभं होतं.

मराठीत हे जिथे जिथे वाचलं तिथे ‘स्थलांतर’, फार तर ‘सक्तीचे स्थलांतर’ असं दिसतं. मला ते वाचवत नाही. विस्थापन, हकालपट्टी, हद्दपारी, परागंदा, देशोधडी असे शब्द कागदावर लिहून बघितले. तुम्ही कोणता वापराल आणि का?

मास्तर

रानजाई, तुमची अडचण व्याकरणाचीच आहे. ‘स्थलांतर करणे’ या क्रियेचा कर्ता जाणारा असतो. पक्षी स्थलांतर करतात, ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करतात. त्याला ‘सक्तीचे’ विशेषण लावलं तरी कर्ता बदलत नाही. ‘चेरोकींनी सक्तीचे स्थलांतर केले’ हे वाक्य वाचून पाहा. सक्ती कोणी केली तो वाक्यात कुठेच नाही.

हद्दपारी आणि तडीपारी या शिक्षा आहेत. त्या ठरावीक माणसाला, ठरावीक मुदतीसाठी, काही गुन्ह्याच्या आरोपावरून होतात. चेरोकींवर तर कसला आरोपही नव्हता. हकालपट्टी जोरकस आहे, पण वर्तमानपत्रांनी तो शब्द पक्षातून आणि पदावरून काढण्यासाठी इतका वापरला आहे की आठवीच्या मुलाला आधी तेच आठवेल.

दफ्तरी

‘परागंदा’बद्दल. शब्द फारसी, मूळ अर्थ विखुरलेला. जुन्या मराठी कागदांत ‘रयत परागंदा झाली’ असं येतं. स्वारीच्या, दुष्काळाच्या किंवा वसुलीच्या भीतीनं लोक जमेल तिकडे पळाले, असा त्याचा भाव. चेरोकी पळाले नाहीत. ते शेवटच्या दिवसापर्यंत घरात, शेतात होते. तेव्हा हा शब्द नको.

‘देशोधडीला लावणे’ मात्र जवळचा आहे. त्यात लावणारा आहे आणि ज्याला लावलं तोही आहे.

आता थोडं वेगळं. मास्तरांनी ‘स्थलांतर’ बाद केलं, पण मला वाटतं पुस्तकात तो शब्द हवा. फक्त योग्य माणसाच्या तोंडी हवा. त्या काळचे सरकारी कागद ‘एमिग्रेशन’ हाच शब्द वापरतात. हे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं पदच मुळी ‘चेरोकी स्थलांतराचा अधीक्षक’ असं होतं. 1830 च्या कायद्याचं पूर्ण नाव पाहिलं तर त्यात आधी जमिनींच्या ‘अदलाबदली’ची सोय करणं आहे आणि त्यानंतर लोकांना मिसिसिपीच्या पश्चिमेला नेणं. जबरदस्तीचा उल्लेख कायद्यात नाही. खर्चाला 5 लाख डॉलर मंजूर केले आणि बाकी सगळं राजीखुशीनं होणार असा कागदाचा सूर आहे. हे विधेयक प्रतिनिधिगृहात 102 विरुद्ध 97 अशा मतांनी, जेमतेम पास झालं होतं.

डिसेंबर 1830 मध्ये जॅक्सन यांनी काँग्रेसला दिलेल्या संदेशात या धोरणाला ‘परोपकारी’ म्हटलं आहे. पुढे ते म्हणतात, आमचीही हजारो मुलं दरवर्षी जन्मभूमी सोडून दूरवर नवी घरं शोधायला जातात. म्हणजे गोऱ्या तरुणानं स्वतःच्या मर्जीनं नवं शेत शोधायला जाणं आणि चेरोकी म्हातारीला घरातून उठवणं हे त्यांनी एकाच मापानं मोजलं. मराठीत लेखकच ‘स्थलांतर’ लिहू लागला की तो नकळत जॅक्सन यांचीच बाजू मांडतो.

रानजाई

दफ्तरीकाका, हे फार उपयोगी. तुमचं वाचून जनरल विन्फिल्ड स्कॉट यांचं 10 मे 1838 चं जाहीर निवेदन पुन्हा काढलं. चेरोकींना उद्देशून ते म्हणतात की राष्ट्राध्यक्षांनी मला मोठी फौज देऊन पाठवलं आहे, मे महिन्याचा पूर्ण चंद्र आता उतरू लागला आहे आणि पुढचा चंद्र सरायच्या आत प्रत्येक चेरोकी पुरुष, बाई आणि मूल पश्चिमेकडच्या आपल्या भावंडांना भेटायला वाटेला लागलेलं असलं पाहिजे. फौज सुमारे 7 हजारांची. आणि भाषा भावाबहिणींच्या भेटीची.

याच्या शेजारी इव्हन जोन्स या बाप्टिस्ट मिशनऱ्याचं 16 जून 1838 चं पत्र ठेवते आहे. तो छावणीत त्यांच्याबरोबर होता. त्याचा माझा कच्चा अनुवाद असा: ‘चेरोकी आता जवळजवळ सगळेच कैदी आहेत. त्यांना घरांतून ओढून काढलं आणि मुलूखभरच्या किल्ल्यांवर, लष्करी ठाण्यांवर आणून ठेवलं. जॉर्जियात तर पुष्कळांना अंगावरच्या कपड्यांखेरीज काहीही घ्यायला सवड दिली नाही. सामानानं भरलेली घरं लुटारूंच्या हाती तशीच राहिली.’

शब्द बघा, ‘कैदी’ आणि ‘ओढून काढलं’. डोळ्यांनी पाहणाऱ्यानं ‘एमिग्रेशन’ लिहिलं नाही.

गावठाण

मी भाषेतला जाणकार नाही, धरणात गेलेल्या गावचा आहे. आमच्याकडे म्हातारी माणसं ‘विस्थापन’ म्हणत नाहीत. तो शब्द मोर्च्याच्या बॅनरवर आणि सरकारी कागदावर. घरात म्हणतात ‘गाव उठलं’, ‘आमचं गाव उठवलं’. ‘तुम्ही कधी उठलात?’ असं दुसऱ्या उठलेल्या गावचा माणूस विचारतो.

धरणाचं पाणी आणि फौजेची संगीन या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळतं, बरोबरी करायची नाही. पण ‘उठवणे’ या क्रियापदात माणसं, घरं, देऊळ, पाणवठा सगळं येतं. ‘चेरोकींना त्यांच्या मुलखातून उठवलं’ असं लिहिलं तर आमच्याकडच्या पोराला कोश लागणार नाही.

मास्तर

गावठाणदादा, छान सुचवलंत. ‘उठवणे’ला कर्ता लागतोच, कोणी उठवलं ते सांगावंच लागतं. नाम हवं तिथे ‘विस्थापन’ चालवून घ्यावं लागेल, पण वर्णनात ‘उठवलं’, ‘हुसकावलं’, ‘हाकललं’ अशी क्रियापदंच वापरा. इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीत नामच हवं असं काही नाही. कायद्याचं नाव आहे तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ उलगडून सांगावा.

टेनेसीकर

मी गेली काही वर्षं चॅटनूगात राहतो. शहराचा जुना भाग म्हणजे रॉसेस लँडिंग, चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांच्या नावाचा नदीवरचा धक्का. जून 1838 मध्ये पहिल्या तुकड्या इथूनच बोटींतून रवाना केल्या. आज तिथे मत्स्यालय आहे, शनिवारी पोरांना घेऊन लोक येतात. त्याच्या बाजूला चेरोकी कलावंतांनी घडवलेला रस्ता आहे, पायऱ्यांवरून पाणी नदीकडे ओघळतं आणि भिंतीवर मातीत घडवलेल्या मोठ्या चकत्या आहेत. आमचे मराठी पाहुणे आले की मी आधी तिकडे नेतो.

माझा प्रश्न ‘स्टॉकेड’बद्दल. उभे ओंडके रोवून केलेलं उंच कुंपण, आत उघड्यावर माणसं. ‘छावणी’ म्हटलं की तंबू, सैनिक, किंवा हल्ली चारा छावणी डोळ्यांपुढे येते. उन्हाळाभर हजारो लोक असे डांबून ठेवले होते. जूनमध्ये निघालेल्या तुकड्यांत इतकी माणसं दगावली आणि नद्यांचं पाणी इतकं आटलं की उरलेल्यांचा प्रवास शरद ऋतूपर्यंत थांबवला. तोवर ते त्या कुंपणांत. आमांश, गोवर, डांग्या खोकला. मेलेल्यांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं फार.

रानजाई

‘कोंडवाडा’ चालेल का? मोकाट गुरांसाठीचा शब्द आहे. माणसांना लावला तर त्यांचा अवमान होईल का, या शंकेनं मी थांबले होते.

गावठाण

बिनधास्त लावा. अवमान कोंडणाऱ्याकडून झाला, शब्दाकडून नाही.

दफ्तरी

आता ‘ट्रीटी’कडे वळू या. बहुतेक अनुवादांत ‘करार’ असतो. माझा आग्रह ‘तह’ शब्दाचा आहे. करार घरमालक-भाडेकरूंत होतो, कंत्राटदारांत होतो. तह दोन सत्तांमध्ये होतो, सालबाईचा, वसईचा. अमेरिकेनं चेरोकींशी पूर्वीपासून तह केले होते, म्हणजे त्यांना सत्ता म्हणून मानलं होतं. ‘करार’ म्हटलं की हे मानणंच पुसलं जातं.

आणि म्हणूनच 29 डिसेंबर 1835 चा न्यू इकोटाचा तह इतका वादग्रस्त आहे. मूठभर लोकांनी सह्या केल्या. प्रमुख जॉन रॉस यांची त्यावर सही नाही, राष्ट्रीय परिषदेनं तो कधी मान्य केला नाही. पूर्वेकडचा सगळा मुलूख 50 लाख डॉलरला सोडून दिला. रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक लोकांच्या विरोधाचं निवेदन वॉशिंग्टनला नेलं, तरीही मे 1836 मध्ये सिनेटनं आवश्यक दोन तृतीयांश बहुमत अवघ्या एका मतानं गाठून तो मंजूर केला. मुलूख सोडायला दोन वर्षांची मुदत, म्हणजे 23 मे 1838. स्कॉट यांची फौज त्याच मुदतीवर आली.

टेनेसीकर

मग सह्या करणाऱ्यांना मराठीत ‘फितूर’ म्हणायचं का? इथल्या लिखाणात ‘ट्रेटर’ सर्रास दिसतं.

दफ्तरी

टेनेसीकर, नका म्हणू. निदान लेखकाच्या आवाजात तरी नका. फितुरी गुपचूप असते आणि आपल्या लाभासाठी असते. फितूर माणूस रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडतो. इथली माणसं कोण होती ते पाहा. इलायस बुडिनो हे ‘चेरोकी फीनिक्स’ या चेरोकींच्या वर्तमानपत्राचे पहिले संपादक, ज्यांनी त्या पत्रातून वर्षानुवर्षं या धोरणाविरुद्ध लिहिलं. जॉन रिज हे वॉशिंग्टनला जाऊन आपल्या लोकांची बाजू मांडणारे तरुण पुढारी. त्यांचे वडील मेजर रिज तर असे की 1807 साली परस्पर जमीन देणाऱ्या डबलहेड या सरदाराला मारणाऱ्यांत ते स्वतः होते. परवानगीशिवाय जमीन विकली तर देहदंड, हा चेरोकींचाच कायदा.

यांचं मत फिरलं कशानं? 1829 च्या सुमारास जॉर्जियात डालोनेगाजवळ सोन्यासाठी झुंबड उडाली. जॉर्जियानं चेरोकींचा मुलूख आपल्या कायद्याखाली ओढला आणि 1832 मध्ये तिथल्या जमिनींची गोऱ्या नागरिकांसाठी सोडत काढली. 160 एकरांचे शेतीचे तुकडे आणि 40 एकरांचे सोन्याचे. चिठ्ठीत नंबर लागलेला माणूस कागद घेऊन दारात उभा राही आणि घरात चेरोकी कुटुंब राहत असे. सर्वोच्च न्यायालयानं 1832 मध्ये वूस्टर खटल्यात स्पष्ट सांगितलं की जॉर्जियाचे कायदे चेरोकी मुलखात लागू नाहीत, आणि तरीही काहीच थांबलं नाही. तेव्हा या लोकांनी ठरवलं की मुलूख जाणारच आहे, निदान माणसं तरी वाचवू.

त्यांचं चुकलं असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांच्या वतीनं सही करायचा हक्क त्यांना नव्हता. पण चुकणं आणि फितूर होणं यांत अंतर आहे आणि मुलांना ते कळलं पाहिजे. 22 जून 1839 रोजी, पश्चिमेला पोचल्यावर, रिज पितापुत्र आणि बुडिनो या तिघांनाही एकाच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी ठार केलं गेलं. रॉस यांच्या बाजूचे लोक त्यांना देशद्रोही म्हणत, हे पात्रांच्या तोंडी जरूर घाला.

रानजाई

‘सोडत’! मी ‘लॉटरी’ लिहिलं होतं. लॉटरी म्हटलं की तिकीट आणि बक्षीस. सोडत सरकारी असते, हे मराठी वाचक रोज वर्तमानपत्रात पाहतो. बदलते.

वूस्टरबद्दलही विचारायचं होतं. सॅम्युएल वूस्टर मिशनरी होते. परवाना न घेता चेरोकी मुलखात राहिले म्हणून जॉर्जियानं त्यांना आणि त्यांचे सहकारी एलायझर बटलर यांना चार वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. ‘धर्मप्रसारक’ लिहू की ‘मिशनरी’?

दफ्तरी

मिशनरीच लिहा, मराठीत तो दोनशे वर्षांचा झाला. आणि इथे आपला खरा धागा आहे. वूस्टर यांना पाठवणारी बॉस्टनची संस्था, अमेरिकन बोर्ड, हीच मुंबईत मिशनरी पाठवणारी संस्था. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला आले ते तिच्याकडूनच. तिच्याच मराठी मिशननं 1842 मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. चेरोकी लिपीचे खिळे बॉस्टनला पाडून न्यू इकोटाला पोचवण्यात बोर्डाचाच हात होता. बोर्डाचे सचिव जेरेमाया एव्हर्ट्स यांनी 1829 मध्ये ‘विल्यम पेन’ या टोपणनावानं या हकालपट्टीविरुद्ध लेखमाला लिहिली. मुंबईच्या मिशनचा पत्रव्यवहारही त्याच कचेरीतून चाले. पुस्तकात एक चौकट करा, नगरच्या मुलांना आवडेल.

मास्तर

‘ट्राइब’ आणि ‘नेशन’ यांचं काय केलंत? काही जुन्या पुस्तकांत ‘टोळी’ आहे. टोळी दरोडेखोरांची आणि टोळांची.

रानजाई

टोळी पहिल्याच दिवशी काढली, सर, आणि ‘रेड इंडियन’ही. ते स्वतःला चेरोकी नेशन म्हणत, म्हणून ‘चेरोकी राष्ट्र’ ठेवलं आहे. संपादकांनी शंका काढली की एवढ्या छोट्या समाजाला राष्ट्र कसं म्हणायचं. मी त्यांना 1831 चा निकाल दाखवला. सरन्यायाधीश मार्शल यांनी चेरोकींना परकं राष्ट्र मानलं नाही, पण ‘देशांतर्गत अवलंबी राष्ट्र’ म्हटलं आणि अमेरिकेशी त्यांचं नातं पाल्य आणि पालक यांच्यासारखं आहे असं लिहिलं. पालकानं पाल्याचं घर सोडतीत काढलं, हे पुढच्या सात वर्षांत दिसलंच. रॉस यांनी 1836 च्या पत्रात म्हटलं आहे की आमचं राष्ट्रपण हिरावून घेतलं, मताधिकार हिरावून घेतला, मानवकुळातलं आमचं स्थानही काढून घेतलं. ज्यांची तक्रारच राष्ट्रपण गेल्याची आहे त्यांना पहिल्या पानापासून ‘जमात’ म्हटलं तर तक्रार कळायची कशी?

टेनेसीकर

एक गोष्ट या प्रकरणात असायलाच हवी. 1835 च्या शिरगणतीत पूर्वेकडे 16,542 चेरोकी होते आणि त्यांच्या मालकीचे 1,592 काळे गुलाम. सगळ्या चेरोकींकडे गुलाम नव्हते, सधन घरांकडे होते. रॉस आणि रिज दोघांकडेही. ते गुलामही याच वाटेनं पश्चिमेला गेले, बऱ्याचदा लाकूडफाटा, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा करत. त्यांना ‘नोकर’ किंवा ‘सेवक’ लिहू नका. ‘गुलाम’ लिहा.

रानजाई

लिहिते. मूळ पुस्तकात एकच वाक्य आहे. तळटीप देऊन आकडे घालेन.

आता ‘ट्रेल ऑफ टिअर्स’, म्हणजे चेरोकींना पश्चिमेला नेलं त्या वाटेचं इंग्रजी नाव. ‘अश्रुपथ’ मला रस्त्याच्या पाटीसारखा वाटतो. ‘अश्रूंची वाट’ ठेवावं का?

मास्तर

‘अश्रूंची वाट’ नीट आहे. ‘आसवांची वाट’ फार भावगीती होईल. चेरोकीत काय म्हणतात?

टेनेसीकर

त्यांच्या भाषेतल्या शब्दांचा अर्थ ‘ते जिथे रडले ती वाट’ असा देतात. इंग्रजीत अश्रू आहेत, चेरोकीत रडणारी माणसं आहेत.

वाटेबद्दल थोडं सांगतो. शरदात रॉस यांनी प्रवासाची व्यवस्था स्वतःकडे घेतली. बहुतेक तुकड्या हजाराच्या आसपास माणसांच्या, एकामागून एक निघाल्या. टेनेसी, केंटकी, ओहायो नदी ओलांडून इलिनॉय, मग मिसिसिपी, मिझुरी. उत्तरेची ही वाट सुमारे 800 मैलांची. ऐन थंडीत काही तुकड्या दक्षिण इलिनॉयमध्ये अडकल्या, कारण मिसिसिपीत बर्फाचे तुकडे वाहत होते आणि नावा टाकता येत नव्हत्या. म्हातारे आणि आजारी गाड्यांत, बाकी सगळे पायी. व्हाइट पाथ हे वृद्ध पुढारी केंटकीत हॉपकिन्सव्हिलला गेले, त्यांची कबर तिथे आहे. रॉस यांची पत्नी क्वाटी फेब्रुवारी 1839 मध्ये लिटल रॉकला गेली. शेवटच्या तुकड्या मार्च 1839 मध्ये पोचल्या. कोंडवाडे आणि वाट मिळून सुमारे 4 हजार मृत्यू हा आकडा सर्वत्र दिला जातो. अभ्यासकांचे अंदाज याच्या खालचेही आहेत आणि वरचेही, म्हणून ‘सुमारे’ सोडू नका.

मास्तर

‘गेले’, ‘गेली’ हे इथे जपून. प्रवासाच्या वर्णनात ‘गेली’ म्हटलं की मूल समजेल लिटल रॉकला पोचली. ‘वारले’, ‘मरण पावली’ लिहा.

गावठाण

सगळेच गेले का? कोणी मागे राहिलंच नाही?

रानजाई

राहिले. नॉर्थ कॅरोलायनात ओकोनालुफ्टी नदीकाठचे काही चेरोकी आधीच्या तहांमुळे राष्ट्राच्या जमिनीबाहेर, स्वतंत्रपणे राहत होते, आणि डोंगरात लपलेले काही जण फौजेच्या हाती लागले नाहीत. विल्यम हॉलंड थॉमस या गोऱ्या व्यापाऱ्यानं त्यांच्यासाठी आपल्या नावावर जमिनी घेतल्या, कारण त्यांना स्वतःच्या नावावर घेता येत नव्हत्या. आजचा ‘ईस्टर्न बँड’ हा चेरोकी समाज त्यांच्या वंशजांचा, क्वाला बाउंड्री ही त्यांची जमीन. माझ्या मसुद्यात ‘मागे उरलेले चेरोकी’ असं आहे.

गावठाण

‘उरलेले’ काढा, ताई. उरतं ते ताटात. आमच्याकडे पाण्याच्या वरच्या अंगाला जी चार घरं हलली नाहीत त्यांना ‘राहिलेली घरं’ म्हणतात. ‘राहिलेले चेरोकी’ करा.

मास्तर

अनुमोदन. आणि ‘मागे’ही काढा. मागे म्हटलं की पुढे जाणं हे ठरलेलंच होतं असं होतं.

रानजाई

दोन्ही काढले. ‘आपल्या डोंगरांत राहिलेले चेरोकी’ असं केलं. सुधारलेलं प्रकरण रविवारी इथेच टाकते. दफ्तरीकाका, तहाचा भाग कृपया ओळ न् ओळ तपासा.